गेटसभा, न्यायालय आणि जागतिक परिषद : कामगार संघटक श्रीपाद अमृत डांगे यांच्या कार्याचा एक भाषिक विचार

१

मराठी चरित्रवाङ्मयाची परंपरा समृद्ध आहे; परंतु तिच्यात कामगार संघटकाला मिळालेले स्थान अल्प आहे. संत, समाजसुधारक, लेखक किंवा राज्यकर्ता यांचे चरित्र लिहिताना चरित्रकाराजवळ एक सिद्ध आराखडा असतो. जन्म, संस्कार, साधना, कर्तृत्व आणि कीर्ती अशा क्रमाने ते चरित्र उलगडत जाते. संघटकाच्या बाबतीत हा आराखडा अपुरा पडतो, कारण त्याची कृती नेहमीच इतरांच्या कृतीत विरघळलेली असते. संप यशस्वी झाला तर तो कामगारांचा ठरतो आणि फसला तर पुढाऱ्याचा. संघटकाने स्वतः लिहिलेला मजकूर थोडा असतो. त्याने घडवून आणलेले बोलणे मात्र अफाट असते, आणि ते बहुतांशी लुप्त झालेले असते.

श्रीपाद अमृत डांगे (१८९९–१९९१) यांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते. मुंबईच्या गिरणगावात, मीरतच्या न्यायालयात, लंडनच्या जागतिक कामगार परिषदेत, मॉस्कोतील बंद दाराआडच्या चर्चेत आणि दिल्लीच्या लोकसभेत हा माणूस बोलत राहिला. प्रत्येक ठिकाणी श्रोते वेगळे होते, भाषा वेगळी होती आणि बोलण्याचे परिणामही वेगळे होते. त्यांच्यावरील लेखन प्रायः गौरव आणि आरोप या दोन टोकांत विभागलेले आढळते. प्रस्तुत लेखात या दोन्हींपासून अंतर राखून एकच सूत्र तपासावयाचे आहे : डांगे यांचे कामगारकार्य हे मूलतः भाषांतराचे कार्य होते. कामगाराचे गाऱ्हाणे मागणीच्या भाषेत, मागणी कायद्याच्या भाषेत आणि स्थानिक लढा जागतिक चळवळीच्या भाषेत नेणे हे ते कार्य होय. या प्रवासात काय साधले आणि काय गळून पडले, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

डांगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १८९९ रोजी नाशिक जिल्ह्यात झाला. मुंबईत विल्सन महाविद्यालयात शिकत असताना असहकाराच्या चळवळीने त्यांना शिक्षणाबाहेर ओढले. १९२१ मध्ये त्यांची ‘गांधी विरुद्ध लेनिन’ या विषयावरील इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध झाली. १९२२ मध्ये त्यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. या दोन्ही उपक्रमांना रणछोडदास भवान लोटवाला या पिठाच्या गिरणीच्या मालकाचे साहाय्य होते. मुंबईतील साम्यवादी प्रचाराचा प्रारंभ एका गिरणीमालकाच्या आश्रयाने व्हावा, हा योगायोग त्या काळाच्या वैचारिक मोकळेपणावर प्रकाश टाकतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ही पुस्तिका आणि हे साप्ताहिक ज्यांच्या मुक्तीविषयी बोलत होते, त्यांना ते वाचता येत नव्हते. परळ–लालबागच्या चाळींत राहणारा, रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातून आलेला कामगार इंग्रजी जाणत नव्हता. अनेकांना मराठीतील अक्षरओळखही नव्हती. म्हणजे कार्याच्या पहिल्या टप्प्यात डांगे यांचा वाचक हा इंग्रजी शिकलेला तरुण होता, आणि त्यांचा विषय हा अद्याप दूर असलेला कामगार होता. विषय आणि वाचक यांतील हे अंतर मिटवण्यात त्यांची पुढील काही वर्षे गेली.

त्यांच्या लिखाणाला सर्वांत जागरूक वाचक मिळाला तो सरकारी गुप्तचर खात्यात. १९२४ मध्ये कानपूर बोल्शेविक कट खटल्यात मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी आणि नलिनी गुप्त यांच्यासह डांगे यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. परदेशातून आलेली पत्रे हा त्या खटल्याचा मुख्य आधार होता. डांगे यांचा परदेशाशी आलेला पहिला संबंध असा होता : प्रवास नाही, परिषद नाही, केवळ पत्रव्यवहार, आणि त्याची परिणती तुरुंगवासात. १९२७ मध्ये सुटका झाल्यावर ते मुंबईत परतले तेव्हा गिरणीधंद्यात एका मोठ्या संघर्षाची तयारी होत होती.

३

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरल्यावर मुंबईच्या कापड गिरण्यांना जपानी मालाची आणि देशातील अन्य केंद्रांची स्पर्धा जाणवू लागली. मालकांनी यावर योजलेला उपाय म्हणजे कामाची नवी रचना. प्रथम ससून समूहाच्या गिरण्यांत ही पद्धत आली. ज्या विणकराकडे दोन माग होते त्याने तीन माग चालवावेत, आणि कताई खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, असे तिचे स्वरूप होते. मालकांच्या कागदपत्रांत या योजनेला कार्यक्षमता असे नाव होते. गिरणीच्या खात्यात तिचा अर्थ साध्या गणिताने कळत होता. सहा मागांवर पूर्वी तीन विणकर लागत. आता दोन पुरत. उरलेला तिसरा माणूस घरी बसणार, आणि राहिलेल्या दोघांना वाढलेल्या कामाच्या प्रमाणात पगार मिळणार नाही.

संघटकाचे भाषांतरकार्य येथे प्रत्यक्ष दिसते. ‘कार्यक्षमता’ या अमूर्त संकल्पनेला ‘तिसऱ्या माणसाचे काय?’ या प्रश्नात उतरवणे, आणि पुढे त्या प्रश्नाला लेखी मागण्यांचे रूप देणे, ही दुहेरी क्रिया १९२८ च्या संपात घडली. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला हा सार्वत्रिक संप ऑक्टोबरच्या प्रारंभापर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने, चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. संपाच्या ऐन भरात, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियनची स्थापना झाली. अध्यक्षपदी अर्जुन आत्माराम आळवे हे प्रत्यक्ष गिरणी कामगार होते आणि डांगे सरचिटणीस होते. स्थापनेच्या वेळी शेकड्यांत मोजली जाणारी सभासदसंख्या वर्षअखेरीस ५४,००० झाली. ना. म. जोशी यांची मवाळ संघटना आणि ही नवी जहाल संघटना यांनी संयुक्त संप समितीत एकत्र काम केले, हे या संपाचे वैशिष्ट्य होय. संप मिटला तो फॉसेट समितीच्या नियुक्तीने.

या यशाचे श्रेय एकट्या डांगे यांना देणे इतिहासाला धरून होणार नाही. आळवे यांच्यासारख्या कामगारांनी १९२३ पासूनच गिरणी कामगार महामंडळ चालवले होते. गिरणीत नोकरी लावणारा जॉबर, गावकीची नाती, खानावळी आणि चाळींतील गाळे यांच्या जाळ्यातून कामगारांची एकजूट आधीच आकार घेत होती. दीर्घ संपात तगून राहण्याचे सामर्थ्यही या जाळ्यातून आले. ज्यांना शक्य होते ते कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी गेले आणि शेतीच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. डांगे यांनी या विखुरलेल्या शक्तीला एक वाक्यरचना दिली, असे म्हणता येईल. खात्याखात्यांतील तक्रारी एका मागणीपत्रात आणणे आणि ते मागणीपत्र पुन्हा गेटसभेत खात्याच्या बोलीत समजावून सांगणे, हे त्यांचे योगदान होते. मराठी ही त्यांच्या दृष्टीने प्रचाराची सोय राहिली नाही. ती संघटनेची कार्यभाषा झाली.

मात्र या भाषांतरातून एक आवाज दीर्घकाळ निसटत राहिला. विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घालताना तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो, अशी सवर्ण कामगारांची भूमिका होती. विणकाम खात्यात पगार अधिक होता. म्हणजे विटाळाच्या कल्पनेला रोख किंमत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपकाळात संपाच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न विचारला आणि सर्व खात्यांत प्रवेशाचा हक्क मान्य करण्याचा आग्रह धरला. मागणीपत्रात तो मुद्दा आला. परंतु तो बाहेरून आणावा लागला, हे महत्त्वाचे आहे. वर्गाच्या भाषेत सर्व तक्रारी सामावतील, हा संघटकाचा विश्वास येथे कसोटीस लागला. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहविषयक विधेयकाच्या विरोधात झालेल्या एक दिवसाच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांगे व त्यांचे सहकारी एकत्र उभे राहिले. ही एकत्रता टिकली नाही. तथापि ती शक्य होती, एवढे त्या दिवसाने सिद्ध केले.

४

१९२८ च्या संपकाळात सोव्हिएत कापड कामगारांच्या संघटनेकडून मुंबईच्या संपकऱ्यांसाठी मदतनिधी आला. मुंबईच्या संपाला दूरदेशी कोणीतरी आपला म्हणत आहे, ही जाणीव त्यामुळे गिरणगावात पोचली; तशीच ती सरकारदरबारीही पोचली. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली आणि मीरत कट खटला उभा राहिला. आरोपींत डांगे यांच्याबरोबर मुंबईचे घाटे, जोगळेकर, निंबकर, आळवे यांच्यासारखे कार्यकर्ते होते. फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि लेस्टर हचिन्सन हे तीन इंग्रजही होते. खटला मुंबईत वा कलकत्त्यात न चालवता मीरतेत चालवण्यामागे ज्यूरी टाळण्याचा हेतू होता. जवळजवळ चार वर्षे हे प्रकरण चालले. जानेवारी १९३३ मध्ये डांगे यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर आणली. १९३५ मध्ये ते सुटले.

या खटल्यातील आरोपींची प्रदीर्घ निवेदने हा वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्षिलेला एक प्रकार आहे. आरोपीचे निवेदन हे रूपाने बचावाचे असते. मीरतच्या आरोपींनी ते प्रतिपादनाचे केले. ज्या विचारांच्या प्रसारासाठी मुद्रणालय मिळत नव्हते, ते विचार न्यायालयाच्या लेखनिकाकडून सरकारी खर्चाने लिहून घेतले गेले. गेटसभेतील मराठी येथे न्यायालयीन इंग्रजीत गेली. तिचा श्रोता बदलला आणि त्याबरोबर सूरही बदलला. सभेत उदाहरणाने पटवावे लागे, न्यायालयात आकडे आणि आधार द्यावे लागत. संपाचे तपशील, पगाराचे दर, नफ्याचे प्रमाण, संघटनेचे नियम हे सारे त्या निमित्ताने लेखी झाले. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्यांना या खटल्याची कागदपत्रे आजही उपयोगी पडतात ती यामुळे.

बाहेरच्या जगातही हा खटला गाजला. ब्रिटनमधील कामगार रंगभूमीच्या गटांनी १९३२ च्या सुमारास ‘मीरत’ या नावाचे एक छोटे नाट्य रस्त्यावर सादर केले. मँचेस्टर परिसरातील ‘रेड मेगाफोन्स’ हा गट त्यांपैकी एक होता. हातांतील काठ्या आडव्यातिडव्या धरून नट तुरुंगाचे गज उभे करीत आणि त्या गजांतून प्रेक्षकांशी बोलत. लँकेशायरचा कापड कामगार बाजारात मुंबईच्या गिरण्यांचा प्रतिस्पर्धी मानला जात होता. त्याच भागातील कामगारांनी मुंबईच्या कामगार पुढाऱ्यांसाठी रस्त्यावर उभे राहावे, ही घटना अर्थपूर्ण आहे. डांगे तोपर्यंत जागतिक व्यासपीठावर गेलेले नव्हते. त्यांची कोठडी मात्र तेथे पोचली होती.

याच्या दुसऱ्या बाजूचाही उल्लेख केला पाहिजे. पुढारी तुरुंगात असताना १९२९ मध्ये गिरण्यांत पुन्हा सार्वत्रिक संप झाला आणि तो अपयशी ठरला. युनियनची सभासदसंख्या कोसळली. जगात कीर्ती वाढत असताना घरची संघटना क्षीण होत गेली. ‘देशात’ आणि ‘परदेशात’ या दोन क्षेत्रांतील कार्य परस्परांना नेहमीच पूरक नसते, याचा हा पहिला दाखला होय.

५

दुसऱ्या महायुद्धाने हा पेच अधिक तीव्र केला. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाविरोधात एक दिवसाचा संप केला. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला आणि तो सुमारे चाळीस दिवस चालला. डांगे यांना पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यावर मात्र साम्यवादी पक्षाने युद्धाला लोकयुद्ध म्हटले, आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनापासून पक्ष दूर राहिला. तीन वर्षांपूर्वी ज्या युद्धाविरुद्ध गिरण्या बंद करण्यात आल्या होत्या, त्याच युद्धासाठी उत्पादन चालू ठेवण्याचे आवाहन आता कामगारांना करावयाचे होते.

या बदलाचे तार्किक समर्थन जागतिक राजकारणाच्या परिभाषेत करता येत होते. गेटसभेच्या मराठीत ते करणे कठीण होते. शेजारच्या चाळीतील मुलगा ‘चले जाव’ म्हणून तुरुंगात गेलेला असताना, कामगाराला स्टालिनग्राडचे महत्त्व पटवावयाचे होते. या अवघड भाषांतरात डांगे यांच्या पिढीला मोठा आधार मिळाला तो शाहिरीचा. अण्णाभाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा याच काळातील आहे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. दूरच्या रणांगणाला पोवाड्याच्या वीररसात बसवून ते कामगाराच्या अनुभवविश्वात आणणे, हे पुस्तिकेला न जमलेले काम डफाने केले. मराठी शाहिरीच्या इतिहासात या पर्वाचे महत्त्व निर्विवाद आहे. राजकीय दृष्टीने मात्र १९४२ चा दुरावा पक्षाला दीर्घकाळ भोवला.

१९४३ मध्ये डांगे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, म्हणजे आयटकचे, अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडन येथे भरलेल्या जागतिक कामगार परिषदेत ते भारतीय प्रतिनिधी होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिस येथे जागतिक कामगार संघटना महासंघाची स्थापना झाली. ब्रिटिश, अमेरिकन, सोव्हिएत आणि वसाहतींतील संघटना प्रथमच एका छत्राखाली आल्या; त्यांची एकत्रित सभासदसंख्या सुमारे ६ कोटी ७० लाख सांगितली गेली. डांगे पुढे या महासंघाचे उपाध्यक्ष झाले. वसाहतीतील कामगार पुढारी राज्यकर्त्या देशाच्या राजधानीत समान प्रतिनिधी म्हणून बसतो, याचे त्या काळी केवढे अप्रूप होते, हे आज कल्पनेनेच जाणावे लागते. सोळा वर्षांपूर्वी ज्या साम्राज्याने जगातील कामगारांशी संबंध ठेवला म्हणून आरोपपत्र ठेवले होते, त्याच साम्राज्याच्या राजधानीत तो संबंध आता उघडपणे प्रस्थापित झाला होता.

६

स्वातंत्र्याच्या क्षणी डांगे कोठे होते, हा प्रश्न त्यांच्या कार्याचा विचार करताना सूचक ठरतो. सोव्हिएत अभिलेखांतून पुढे प्रकाशात आलेल्या नोंदीनुसार १६ ऑगस्ट १९४७ रोजी ते मॉस्कोत होते आणि सोव्हिएत पक्षाचे नेते झ्दानोव्ह यांच्याशी भारतातील स्थितीविषयी त्यांची चर्चा चालू होती. परळच्या रस्त्यांवर नव्या राष्ट्राचा पहिला उत्सव साजरा होत असताना कामगारांचा सर्वांत प्रसिद्ध पुढारी त्या स्वातंत्र्याचा अर्थ दुसऱ्या राजधानीत तपासत होता. यात निष्ठेचा अभाव पाहणे सोपे आहे. परंतु त्या पिढीच्या साम्यवाद्यांना राष्ट्र आणि जग हे एकाच लढ्याचे दोन पदर वाटत होते, हेही विसरता येत नाही.

जागतिक ऐक्याचे ते स्वप्न अल्पायुषी ठरले. १९४७ मध्ये राष्ट्रीय मजूर काँग्रेस, म्हणजे इंटक, स्थापन झाली. १९४८ मध्ये हिंद मजदूर सभा आली. १९४९ च्या प्रारंभी ब्रिटिश आणि अमेरिकन संघटना जागतिक महासंघातून बाहेर पडल्या आणि वर्षअखेरीस त्यांनी वेगळा महासंघ काढला. शीतयुद्धाची रेषा गिरणीच्या फाटकापर्यंत आली. मुंबईत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने धंद्यात एकाच संघटनेला प्रातिनिधिक दर्जा देण्याची तरतूद केली, आणि तो दर्जा इंटकच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. कामगार ज्याच्या सभेला जातो तो पुढारी वेगळा, आणि वाटाघाटीच्या टेबलावर त्याच्या नावाने सही करणारा वेगळा, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली. पुढे कित्येक दशके, १९८२ च्या संपापर्यंत, गिरणगावातील असंतोषाचे हे एक मूळ कारण राहिले.

१९५१ च्या फेब्रुवारीत डांगे पुन्हा मॉस्कोत होते. अजय घोष, राजेश्वर राव आणि बसवपुन्नय्या यांच्यासह त्यांनी स्टालिन यांची भेट घेतली. तेलंगणातील सशस्त्र लढ्यामुळे पक्षात तीव्र मतभेद होते. या भेटीनंतर पक्षाने नवा कार्यक्रम स्वीकारला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तेलंगणाचा लढा मागे घेतला गेला. निवडणुका आणि जनसंघटना यांच्या मार्गाने जाण्याचा निर्णय भारतीय परिस्थितीशी सुसंगत होता. परंतु तो घेण्यासाठी परदेशी मान्यतेची गरज भासावी, यातच त्या चळवळीची एक मर्यादा स्पष्ट होते.

याउलट, देशांतर्गत कार्याचे एक फळ फारसे नाट्यपूर्ण नसूनही टिकाऊ ठरले. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजाधिष्ठित किमान वेतनाचे निकष मान्य केले. त्या वेळी डांगे आयटकचे सरचिटणीस होते आणि इतर संघटनांप्रमाणे आयटकही त्या त्रिपक्षीय प्रक्रियेत सहभागी होती. एका कमावत्या माणसामागे तीन उपभोग-घटक, प्रौढ माणसाला दररोज २,७०० उष्मांकांचा आहार, माणशी वर्षाला १८ वार म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती आदी खर्चासाठी २० टक्के, अशी ती मांडणी होती. पोट भरत नाही, अंगावर धड कापड नाही, ही चाळीतील तक्रार येथे मापात आणि टक्केवारीत उतरली. हे निकष बंधनकारक कायदा झाले नाहीत. तरी पुढील वेतन मंडळांत आणि न्यायालयीन निर्णयांत ते आधार म्हणून घेतले गेले. गाऱ्हाण्याचे मागणीत आणि मागणीचे मापदंडात रूपांतर होण्याची ही क्रिया म्हणजे संघटकाच्या भाषांतरकार्याचा सर्वांत यशस्वी नमुना होय.

७

१९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत डांगे हे आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांच्या जोडीने अग्रभागी होते. १९५७ मध्ये ते मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. वर्गाची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्याने भाषिक राज्यासाठी उभे राहावे, यात काहींना विसंगती दिसली. गिरणगावाच्या दृष्टीने ती विसंगती नव्हती. मुंबईतील भांडवल प्रायः अमराठी होते आणि श्रम बहुतांशी मराठी होते. त्यामुळे ‘मुंबई कोणाची?’ या प्रश्नात श्रम आणि भांडवल यांचाच प्रश्न कामगाराला ऐकू येत होता. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत विरही कामगाराचे दुःख आणि प्रदेशाचे दुःख एकरूप झाले ते याच जाणिवेतून. महाराष्ट्र राज्य १ मे रोजी, जागतिक कामगारदिनी, अस्तित्वात आले; १९६० पासून महाराष्ट्रात या दोन्ही दिनांचा उत्सव एकत्रच होत आला आहे.

मात्र हे समीकरण दुधारी होते. श्रम म्हणजे मराठी माणूस, ही ओळख एकदा रुजल्यावर ती वर्गाकडून प्रांताकडे वळवणे अवघड नव्हते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने त्याच चाळींत, त्याच मराठीत, वेगळा प्रतिपक्षी उभा केला. १९७० मध्ये परळचे साम्यवादी आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागेसाठी झालेली पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली. गिरणगावातील लाल बावट्याच्या ओहोटीचा तो ठळक क्षण होता.

८

डांगे यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत वादग्रस्त प्रकरण हे एका पत्रव्यवहाराचे आहे. मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या एका साप्ताहिकाने राष्ट्रीय अभिलेखागारातील काही पत्रे उजेडात आणली. कानपूर खटल्यानंतर तुरुंगातून डांगे यांनी ब्रिटिश सरकारला सहकार्य देऊ केल्याचे त्यांवरून सुचवले जात होते. डांगे यांनी ती पत्रे बनावट असल्याचे सांगितले. ११ एप्रिल १९६४ रोजी पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य बाहेर पडले आणि त्या वर्षीच साम्यवादी पक्ष दुभंगला. फुटीची कारणे अर्थातच अधिक खोल होती. चीन आणि सोव्हिएत संघ यांतील वैचारिक दुरावा, १९६२ च्या युद्धात डांगे यांनी नेहरू सरकारला दिलेला पाठिंबा आणि काँग्रेसविषयीची भूमिका हे प्रश्न आधीच धुमसत होते. पत्रांनी ठिणगीचे काम केले.

संहितेच्या अभ्यासकाला या प्रकरणात एक परिचित प्रश्न दिसतो : संहिता कोणाची? हस्ताक्षर, कागद, मजकुराची शैली आणि पत्र ज्या दप्तरात सापडले त्याची परंपरा यांच्या आधारे कर्तृत्व ठरवण्याची शिस्त वाङ्मयसंशोधनाने विकसित केली आहे. १९६४ मध्ये या शिस्तीला वाव मिळाला नाही. पत्रांचे वाचन पक्षांतर्गत निष्ठेनुसार झाले. ज्यांना डांगे नको होते त्यांना ती खरी वाटली, आणि ज्यांना हवे होते त्यांना खोटी. कानपूरमध्ये पत्रांवरून तुरुंगात गेलेल्या माणसाच्या नेतृत्वावर चाळीस वर्षांनी पुन्हा पत्रांनीच घाला घालावा, हा या जीवनकथेतील एक विलक्षण फेरा आहे.

पुढील काळात डांगे यांची काँग्रेसविषयीची सहकार्याची भूमिका अधिक दृढ झाली. आणीबाणीला त्यांच्या पक्षाने पाठिंबा दिला. १९७७ नंतर पक्षाने त्या भूमिकेचा फेरविचार केला, डांगे यांनी केला नाही. १९८१ मध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आले. २२ मे १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा गिरणीधंदा मोडकळीस आलेला होता. १९८२ मध्ये दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाने ज्या कामगारांना कायमचे देशोधडीला लावले, त्यांच्या आजोबांनी १९२८ चा संप लढवला होता.

९

या विवेचनाचा शेवट डांगे यांच्या शब्दांशी न करता उषाताई डांगे यांच्या आत्मकथनाशी करणे उचित होईल. उषाताईंनी गिरण्यांतील स्त्री कामगारांत काम केले. स्त्रिया मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत होत्या आणि कामवाढीच्या व कपातीच्या प्रत्येक लाटेत त्यांची कामे आधी जात. उषाताईंच्या आत्मकथनाचे नाव ‘पण ऐकतं कोण’ असे आहे. आयुष्यभर बोलत राहिलेल्या, हजारोंच्या सभा जिंकणाऱ्या पुढाऱ्याच्या पत्नीने आपल्या पुस्तकाला हे नाव द्यावे, यातील अर्थ केवळ कौटुंबिक नाही. पार्वतीबाई भोर यांच्या ‘एका रणरागिणीची हकिकत’ या कथनासह हे पुस्तक वाचले असता कामगार चळवळीचा एक वेगळाच पट डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यात ठरावांपेक्षा संपाच्या दिवसांतील चूल, तुरुंगाच्या फाटकापाशी घालवलेले तास आणि मोर्चानंतर घरी थांबलेली कामे यांना जागा आहे. गेटसभेच्या मराठीतही जे आले नाही, ते या घरगुती मराठीत आले.

डांगे यांच्या कार्याचे मोजमाप करताना म्हणूनच दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. त्यांनी कामगाराचे म्हणणे किती दूरवर नेले, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर परळपासून लंडन–मॉस्कोपर्यंत, आणि चाळीतील तक्रारीपासून राष्ट्रीय वेतननिकषांपर्यंत, असे द्यावे लागेल. विसाव्या शतकातील फार थोड्या मराठी माणसांनी इतका पल्ला गाठला. त्या दूरच्या व्यासपीठांवरून परत येताना त्यांनी कामगाराचे किती ऐकले, हा दुसरा प्रश्न. १९२८ मध्ये विणकाम खात्याच्या दाराबाहेर उभा असलेला अस्पृश्य कामगार, १९४२ मध्ये संभ्रमात पडलेला गिरणीतील तरुण आणि सूतखात्यातील स्त्री यांना या प्रश्नाचे उत्तर पुरेसे समाधानकारक वाटले नसते.

संघटक आणि भाषांतरकार यांच्यातील साम्य येथे अखेरच्या अर्थाने लागू पडते. दोघांनाही दोन भाषांशी निष्ठा राखावी लागते, आणि एकीकडे झुकताना दुसरीकडचे काही हरवते. या हरवलेल्या अंशाची नोंद ठेवणे हे चरित्रकाराचे काम असून, त्यासाठी लागणारी साधने, म्हणजे खटल्यांची निवेदने, संपपत्रके, शाहिरी आणि स्त्रियांची आत्मकथने, ही सारी वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या कक्षेतील आहेत. मराठीत कामगार संघटकाचे समतोल चरित्र लिहिले जावयाचे असेल, तर त्याची सुरुवात या विखुरलेल्या संहिता एकत्र वाचण्यापासून व्हावयास हवी.